सदतीसचे सत्तेचाळीस

सैन्यभरतीची लेखी निघाली होती, ग्राउंड निघालं होतं. १६०० मीटर मी साडेपाच मिनिटांच्या आत मारले होते. कागदपत्रांच्या टेबलावर हवालदारसाहेबांनी माझी बारावीची मार्कशीट अर्जाशेजारी ठेवली आणि बोट टेकवलं.

"इंग्लिश में कितना है?"

"सैंतीस, सर."

"फिर फॉर्म में सैंतालीस किसने लिखा?"

मागं रांगेत पोरं उभी. साहेब ओरडले नाहीत. मार्कशीटची नीट घडी घालून त्यांनी ती परत दिली. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आपल्या बोर्डात ३५ला पास होतो. सैन्यात नर्सिंग असिस्टंट व्हायचं तर बारावी सायन्सला एकूण ५० टक्के लागतात, शिवाय फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी या प्रत्येक विषयात ४०. माझे एकूण ६१. बायोलॉजीत तर ७४! आणि अडलो कुठं, तर इंग्रजीत.

अर्ज मी तयारीसाठी लावलेल्या भरती अकॅडमीच्या ऑफिसातल्या पोरानं भरला होता. प्रिंट मी वाचली नाही, कबूल. पण त्या दिवशी चाळीस पोरांचे अर्ज भरले गेले आणि एकानंही वाचली नाही. सह्या करून पळा, ग्राउंडला उशीर होतोय, असं अकॅडमीचे सरच ओरडत होते. चूक बोटाची होती की डोक्याची, हे मला अजून कळलेलं नाही. जाब विचारायला गेलो तर सर म्हणाले, "मार्कशीट तुझी, सही तुझी." चौदा महिन्यांची फी आणि मेसचे पैसे मात्र त्यांचे.

आता नर्सिंग असिस्टंटची तयारी करणाऱ्या तुमच्यासाठी. पहिल्या दिवशी धावू नका, मार्कशीट काढून बघा. एखादा विषय चाळीसच्या खाली असेल तर बोर्डाच्या श्रेणीसुधार परीक्षेची चौकशी लगेच करा. ती संधी बारावीनंतर थोडाच काळ असते. मला कळलं तोवर माझी गेली होती. वयाची अट २३ची, तीही थांबत नाही.

पुलअप्सचं वेड कमी करा. दहा मारले की चाळीस गुण, हा हिशेब जीडीवाल्यांचा, म्हणजे जनरल ड्यूटीला जाणाऱ्यांचा. आपल्याला ग्राउंड नुसतं पास व्हायचं असतं. आम्हाला मात्र वर्षभर बारला लटकवलं आणि बायोलॉजीचं पुस्तक कधी उघडू दिलं नाही. लेखीत तेच विचारतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. मी रात्री मेसच्या दिव्याखाली वाचलं म्हणून लेखी निघाली.

मेडिकलच्या आधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या, दातही साफ करून घ्या. हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं, पण जाहिरात वाचतो कोण? गुडघे एकमेकांना लागतात का, तळपाय सपाट आहेत का, तेही फी भरायच्या आधी दाखवून या. बाकी झोप घ्या, पाणी प्या, जिद्द सोडू नका. सगळेच सांगतात, मीही सांगतो.

गावात अजून विचारतात, "ट्रेनिंगला लखनौला कधी जाणार? मिलिटरीतला कंपाउंडर होणार होतास ना?" परवा एसटीतून जाताना अकॅडमीचा नवा फ्लेक्स दिसला. वरून तिसरा फोटो माझा. खाली लिहिलंय : नर्सिंग असिस्टंट, लेखी उत्तीर्ण.