रेखाटनवही निसर्गाच्या कामी

प्रश्न : मी निवृत्त चित्रकला शिक्षिका. पक्षी-झाडांची रेखाटने करते. शास्त्राचे शिक्षण नाही. संवर्धनाला माझा काही उपयोग होईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नक्की होईल, आणि सुरुवात अंगणातल्या झाडापासून करा. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात एकच झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुले, फळे किती आहेत ते नोंदवायचे असते. आंबा, बहावा, पळस यांपैकी काहीही चालेल. बहर अलीकडे-पलीकडे सरकतो आहे का, हे अशा वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच कळते. तुम्ही नोंदीबरोबर त्याच फांदीचे चित्र काढत गेलात, तर फोटोत हरवणारे बारकावेही टिकतील. प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ, ठिकाण लिहाच. त्याशिवाय चित्र सुंदर राहते, पुरावा होत नाही.

पक्ष्यांच्या नोंदींसाठी ‘ईबर्ड’ हे संकेतस्थळ आहे. तिथे कावळे-साळुंक्याही मोजा. नेहमीचे पक्षी घटले तर ते आधी कळायला हवे. घरट्याची नेमकी जागा मात्र कुणाला सांगू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जमल्यास रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. तिथे गावकरी कासवांची अंडी राखतात आणि पिल्ले समुद्रात सोडतात. गावातच उतरा, घरगुती जेवण घ्या. तो पैसा राखणाऱ्यांच्याच घरी जातो. तिथली चित्रे गावच्या शाळेला द्या.