पाळी चुकली? गोळी नको, आधी लघवी तपासा



सोयाबीनच्या सोंगणीची घाई, धाकटे लेकरू अजून अंगावर पिते, आणि पाळी आठ दिवस वर गेली. बाई कोणाला सांगत नाही, फार तर घरवाल्याला सांगते. तो बाजाराच्या दिवशी दुकानातून “पाळी यायची गोळी” घेऊन येतो. परतवाडा असो की मूर्तिजापूर, गावोगाव आम्ही हेच ऐकतो.

ही गोळी हार्मोनची. गर्भ नसेल, तर गोळ्या थांबल्यावर काही दिवसांत रक्त जाते. गर्भ असेल तर सहसा जात नाही, आणि गर्भ पडतही नाही. शिवाय थोडे रक्त दिसले म्हणून गर्भ नाहीच, असेही नाही. म्हणजे पोटात लेकरू आहे का हे पाहायला औषध त्या लेकरालाच द्यायचे! ही कसली तपासणी?

पूर्वी डॉक्टरही असे करीत. त्यासाठी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या देशभर विकल्या जात. त्यांनी बाळात व्यंग येते का, यावर विलायतेत आजही वाद आहे. पण लघवीच्या तपासणीने जे कळते, त्यासाठी हा धोका घ्यायचा कशाला? महिला संघटना आणि काही डॉक्टर त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले. शेवटी भारत सरकारने १९८८ साली या औषधांवर बंदी घातली.

हार्मोनचे नुकसान लगेच दिसतेच असे नाही. अमेरिकेत गर्भ टिकावा म्हणून डीईएस नावाचे औषध देत. अशा आयांच्या मुलींना वयात आल्यावर योनिमार्गाचा दुर्मिळ कर्करोग होऊ शकतो, हे १९७१ मध्ये कळले.

“बाई, मग माला-एन काहून देता?” असे तुम्ही विचाराल. तीही हार्मोनचीच, पण ताकद फार कमी, आणि ती गर्भ राहू नये म्हणून असते. गर्भ राहिल्याचे न कळता ती घेतली गेली, तर घाबरू नका. तिने बाळात व्यंग येते असे आढळलेले नाही. कळताच बंद करा. त्या भीतीने गर्भ पाडू नका. मात्र अंगावरचे लेकरू सहा महिन्यांच्या आतले असेल, किंवा रक्तदाब, कावीळ असेल, तर नर्सबाईंना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये.

महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढे ढकलायला घेतात त्या गोळ्याही याच जातीच्या. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पाळी चुकली की आशाताईंकडून ‘निश्चय’ किट आणा. सकाळच्या पहिल्या लघवीचे थोडे थेंब टाका आणि पाच मिनिटे थांबा. दोन रेघा आल्या तर गर्भ आहे. एकच आली, तर आठवड्याने पुन्हा पाहा. गर्भ नको असेल, तर दोघे मिळून लवकर दवाखान्यात या. अमरावतीचे डफरीन, अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय येथे कायदेशीर सोय आहे. नवऱ्याने सोबत यावे. केसपेपर काढायला तरी.