जमिनीलाही श्वास हवा

पावसाळ्यात गावची पायवाट पाहा. दोन्ही अंगांना हिरवेगार गवत. वाटेवर मात्र काडी नाही. असे का? बी काय तिथे पडत नाही?

बी पडते. पण माणसे, गुरे, गाड्या जाऊन जाऊन जमीन चेपते. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या बुजतात. मग पाणी मुरत नाही. हवा शिरत नाही. मुळे गुदमरतात.

आपल्या भिवंडी तालुक्यात गोदामे वाढली, तसे जड ट्रकही वाढले. ट्रक मैदानात उभे राहिले की मैदानाचा दगड होतो. पावसाळ्यात पाणी दारात येते. उन्हाळ्यात धूळ पोरांच्या डोळ्यांत जाते.

मुंबईला चेंबूरमध्ये १९२७ साली स्थापन झालेला गोल्फ क्लब आहे. गोल्फ म्हणजे काठीने चेंडू मारून खळग्यात घालायचा खेळ. खळग्याभोवतीची हिरवळ भाताच्या दाण्याहून आखूड कापतात. तिच्यावर सारखे पाय पडतात. तरी ती जगते. कशी?

गोल्फच्या हिरवळीला यंत्राने करंगळीएवढी, ३-४ इंच खोल भोके पाडतात. आतली माती बाहेर काढतात. भोकांत वाळू भरतात. वाळू चेपत नाही. हवापाण्याची वाट मोकळी राहते. मुळे खोल जातात.

कोणी म्हणेल, "भाताला तर आपण चिखलणी करतो. मग भात कसा गुदमरत नाही?" प्रश्न बरोबर आहे. भाताच्या देठात आणि मुळांत पोकळ्या असतात. त्यांतून वरची हवा मुळांपर्यंत पोचते. वाल, भेंडी, आंबा यांना ही सोय नाही.

आपल्याला यंत्र नको. पहार पुरे. आधी मैदानातले ट्रक हलवा. मग वाफसा येऊ द्या. वाफसा म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे. चिखलात काम केले तर जमीन उलट जास्त चेपते. वाफशावर वीतभर अंतराने भोके पाडा. त्यांत वाळू आणि कुजलेले शेणखत घाला. नवे गवत धरेपर्यंत गुरे सोडू नका. पुढे गांडुळे येतील. तीही भोकेच पाडतात, आणि मजुरी मागत नाहीत.

आम्ही म्हणतो, एकाने काम काढावे, चौघांनी हात लावावा. मैदान सगळ्यांचे आहे.

सांगा पाहू :
१. पायवाटेवर गवत का उगवत नाही?
२. वाफसा म्हणजे काय?
३. तुमच्या गावात कोणती जमीन चेपली आहे?