दूषित मांस, सरकारी उपाय आणि कुक्कुटपालकाची भरपाई

सातारा व सांगली या जिल्ह्यांत ऊस, हळद, द्राक्षें या पिकांच्या जोडीस कुक्कुटपालनाचा धंदा आतां चांगलाच रुजला आहे. विटें व त्याच्या आसपासच्या दुष्काळी गांवांत तर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ पावसापेक्षां शेडवरच अधिक अवलंबून असतो. परंतु या धंद्यांत एक मोठें भय आहे. ऊस एखाद्या वर्षीं कमी उतरला तरी लोक साखर खाण्याचें सोडीत नाहींत. पण मांस दूषित असल्याचा नुसता संशय आला, कीं गिऱ्हाइकाचा हात तत्काळ आखडतो. अशा वेळीं सरकार काय करतें, उत्पादकाच्या पदरांत काय पडतें, आणि तें पडावें म्हणून त्यानें आधीं काय करून ठेवावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आपल्या राज्यांतील पहिला मोठा प्रसंग नवापूरचा होय. सन २००६ च्या आरंभीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर तालुक्यांत कोंबड्या मरूं लागल्या. प्रथम ती रानीखेत म्हणजे मानमोडीची सांथ असावी असा समज झाला, आणि त्या समजांत मोलाचे दिवस निघून गेले. भोपाळ येथील प्रयोगशाळेच्या तपासणींत बर्ड फ्ल्यूचा विषाणु आढळल्याचें ता. १८ फेब्रुवारी २००६ रोजीं जाहीर झालें. हिंदुस्थानांत या रोगाची ती पहिलीच नोंद. त्यानंतर बाधित ठिकाणाभोंवतालच्या तीन किलोमीटरांतील पक्षी नष्ट करण्यांत आले, दहा किलोमीटरांपर्यंत पाहणी ठेवण्यांत आली, आणि कांहीं लाख पक्षी पुरले गेले. पुढें मार्चमध्यें जळगांव जिल्ह्यांतही रोग निघाला. नवापुरांत त्या वेळीं एकाही मनुष्यास बाधा झाल्याचें सिद्ध झालें नाहीं. तरीपण रोगापासून शेंकडों कोस दूर असलेल्या बाजारांतही कोंबडीस कोणी विचारीना.

आतां भरपाईचा प्रश्न. सन २०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें रोग आढळला, तेव्हां आपल्या राज्यांत जे दर लागू झाले ते असे : अंडीं देणाऱ्या जातीचा आठ आठवड्यांपर्यंतचा पक्षी २० रुपये, त्यावरील ९० रुपये, मांसल जातीचा सहा आठवड्यांपर्यंतचा पक्षी २० रुपये, त्यावरील ७० रुपये, अंडें दर नगास ३ रुपये, तयार खाद्य दर किलोस १२ रुपये. या रकमेचा अर्धा भार केंद्र सरकार व अर्धा राज्य सरकार सोसतें. पक्षी नष्ट करण्याचें क्षेत्रही त्या वेळीं तीन किलोमीटरांवरून एक किलोमीटरावर आणलेलें होतें. दर वेळोवेळीं बदलतात. म्हणून चालू दर पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून घ्यावा.

या दरांकडे हिशेबी दृष्टीनें पाहिलें पाहिजे. मांसल पक्षी साधारणपणें चाळीसाव्या दिवशीं दोन किलोंचा होऊन विक्रीस येतो. म्हणजे त्यास सहा आठवडे पुरे झालेले नसतात, आणि तो २० रुपयांच्याच सदरांत बसतो! तेवढ्या वजनास पक्ष्यानें निदान तीन किलो खाद्य खाल्लेलें असतें. शिल्लक पोत्यांतील तेंच खाद्य सरकारनें १२ रुपये दरानें धरलें, तर त्याच हिशेबानें पोटांतील खाद्याचे ३६ रुपये होतात. पोत्यांतील खाद्याचे पैसे मिळावे आणि पक्ष्याच्या अंगीं लागलेल्या खाद्याचे निम्म्याच्या आसपास मिळावे, ही विसंगति आहे. वयाऐवजीं वजन धरून दर ठरविला तर ती दूर होईल.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. भरपाई मिळते ती सरकारी हुकुमानें नष्ट केलेल्या जिवंत पक्ष्यांची. रोगानें आधींच मेलेल्यांची मिळत नाहीं. कित्येकांस हा नियम कठोर वाटतो. पण त्यांतील हेतु उघड आहे. जो लवकर वर्दी देतो त्याचे अधिक पक्षी हिशेबांत येतात. जो चार दिवस दडवून ठेवतो तो स्वतःचेंच नुकसान करून घेतो, आणि शेजाऱ्याच्या शेडमध्येंही रोग पोंचवितो. शिवाय सन २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या कायद्यानें वर्दी देणें हें मालकाचें कर्तव्यच ठरविलें आहे.

परदेशांतील एक उदाहरण येथें बोधप्रद होईल. आयर्लंड देशांत सन २००८ च्या डिसेंबरांत डुकरांच्या मांसांत डायॉक्सिन नांवाचें विष आढळलें. पावरोटीचा चुरा वाळवितांना दूषित तेल जाळल्यामुळें तें खाद्यांत उतरलें होतें. असें खाद्य घेणारे डुक्करपालक अवघे दहाच्या सुमारास होते. परंतु कारखान्यांत सर्वांचा माल एकत्र झाल्यामुळें कोणतें मांस कोणाचें हें निवडतां येईना. तेव्हां ता. ६ डिसेंबर रोजीं सरकारनें १ सप्टेंबरपासून तयार झालेला सर्वच माल बाजारांतून परत मागविला. कारखानदारांनीं मदतीच्या हमीवांचून काम सुरू करण्याचें नाकारलें, आणि आठवड्याच्या आंत १८ कोटी यूरोंची मदत ठरली. दहा जणांच्या दोषाचा दंड हजारोंस बसला, तो केवळ माल ओळखण्याचें साधन कारखान्यापाशीं नव्हतें म्हणून.

आपल्याकडेही सन २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यांत दूषित माल परत मागविण्याची तरतूद असून तिचे नियम सन २०१७ मध्यें झाले. ही जबाबदारी अन्नाचा व्यापार करणाऱ्यांवर आहे. शेतावरील शेतकरी व त्याचीं जनावरें यांना त्या कायद्यानें वगळलें आहे. परंतु यावरून आपण मोकळे झालों असें कोणीं समजूं नये. व्यापाऱ्याचा माल परत आला, कीं पुढील खेपेस तो आपल्याच पक्ष्यांचा भाव पाडणार.

सगळ्यांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. क्षेत्राच्या आंतील पालकास थोडें तरी मिळतें. क्षेत्राबाहेरील पालकास, ज्याचे पक्षी निरोगी असूनही विकले जात नाहींत, त्यास या योजनेंत कांहींच नाहीं. सन २०२० च्या फेब्रुवारी-मार्चांत कोंबडीपासून कोरोना होतो अशी निराधार अफवा उठली. रोग नव्हता, म्हणून नष्ट करण्याचा हुकूम नव्हता, आणि हुकूम नव्हता म्हणून या योजनेंतून भरपाईही नव्हती. शेजारच्या बेळगांव जिल्ह्यांत गोकाक तालुक्यांत पालकानें हजारो पक्षी खड्ड्यांत पुरल्याचें सर्वांनीं ऐकिलेंच आहे.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. नुकसान खरें असूनही कागद नाहीं म्हणून रिकाम्या हातीं परतलेले शेतकरी त्यानें पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येकानें कराव्या :

१. पिलें आल्याची तारीख, संख्या व पावती, रोजची मर, खाद्याचीं पोतीं, औषधें व लशी यांची वही ठेवावी. मर त्याच दिवशीं लिहावी. मागाहून लिहिलेली वही पंचनाम्याचे वेळीं लपत नाहीं.

२. शेडची ग्रामपंचायतींत व पशुसंवर्धन खात्याकडे नोंद असावी.

३. मर एकाएकीं वाढली तर मेलेले पक्षी ओढ्यांत टाकूं नयेत, उरलेले घाईनें विकूं नयेत; त्याच दिवशीं लेखी वर्दी देऊन पोंच घ्यावी. मेलेल्या पक्ष्यांस उघड्या हातानें शिवूं नये. सन २०२१ मध्यें हरियाणांतील एका मुलाचा या रोगानें अंत झाला आहे.

४. पंचनाम्यांत पक्ष्यांचें वय व संख्या, अंडीं आणि शिल्लक खाद्य हीं चारही लिहिलीं आहेत हें पाहिल्यावांचून सही करूं नये, व नक्कल मागून घ्यावी.

५. कंपनीच्या कराराचे पक्षी असल्यास ते कंपनीच्या मालकीचे असतात. ते नष्ट झाल्यास पालकाच्या संगोपनखर्चाचें काय, हें करारांतच लिहून घ्यावें.

गिऱ्हाइकासही खरें तें सांगावें. मांसाच्या सर्व भागांस ७० अंशांची उष्णता लागली, कीं हा विषाणु मरतो; आपल्या घरचा रस्सा तर खदखदून उकळतो. पण रोगी पक्षी विकूनही तो निरोगी म्हणणाऱ्याच्या तोंडीं ही गोष्ट शोभत नाहीं.

वजनावर दर ठरविणें आणि क्षेत्राबाहेरील पालकांसाठीं संकटकाळीं कर्जाच्या हप्त्यांस मुदत व व्याजांत सूट देणें, या दोन मागण्या आपल्या संस्थांनीं सरकारपुढें मांडाव्या. मात्र मागणी मांडतांना सभासदांच्या वह्या टेबलावर ठेवतां आल्या पाहिजेत. सरकारचें मन वळवावयाचें तर आकडे लागतात, आणि ते आपल्या वहींतूनच निघावयाचे आहेत.