वाचकांचे प्रश्न : लेख छापून आला, पण गिऱ्हाईक आलं का?

प्रश्न : मी आणि माझ्या दोन जावा मिळून घरी केळी वेफर्स आणि ज्वारीचे बिबडे करतो. महिन्याला साधारण 60 किलो माल जातो आणि सगळा खर्च वजा जाता किलोमागे 70 रुपये सुटतात. एका स्थानिक साप्ताहिकाचा माणूस येऊन गेला. म्हणाला, 6,000 रुपये द्या, तुमच्या नावाने अर्धं पान लेख छापतो, ‘जाहिरात’ असं कुठेही दिसणार नाही, शिवाय खर्च दाखवून कर वाचेल. दुसरीकडे आमच्या समाजाच्या मासिकाचे संपादक म्हणतात, पैसे नकोत, पण लेख तुम्हीच लिहून द्या. असे लेख लिहून खरंच गिऱ्हाईक मिळतं का? आणि कच्च्या केळीचे वेफर्स शुगरवाल्यांना चालतात असं त्यात लिहिलं तर चालेल का? (एक भगिनी, फैजपूर परिसर)

उत्तर : ताई, 6,000 रुपये देऊ नका. मासिकाला मात्र लेख जरूर द्या. शुगरचं वाक्य दोन्हीकडे नको.

आता कारणं सांगतो. ते साप्ताहिक वाचतं कोण? यावल, रावेर, फैजपूर, सावदा. म्हणजे ज्यांच्या बांधावरच केळी उभी आहे आणि दिवाळीला ज्यांच्या घरी स्वतःचीच कढई चढते, ती माणसं. ती तुमचा लेख वाचतील, लग्नात भेटल्यावर ‘पेपरात पाहिलं हो तुम्हाला’ म्हणतील आणि वेफर्स स्वतःच्या घरी तळतील. त्यांचा दोष नाही, त्यांना तुमच्या मालाची गरजच नाही. समाजाचं मासिक टपालाने पिंपरी-चिंचवड, नाशिक आणि सुरतेतल्या उधना, लिंबायतपर्यंत जातं. तिथे खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली हजारो घरं आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बिबडे वाळवायला खाट टाकणार कुठे? आईच्या हातची चव आठवते, पण करायला जागा नाही आणि वेळही नाही. तुमचं खरं गिऱ्हाईक ते आहे. दुसऱ्याच्या मासिकात लिहायचं ते एवढ्याचसाठी की आपल्याला हवी असलेली माणसं तिथे आधीच जमलेली असतात. ती तिथे नसतील तर छपाई कितीही देखणी असली तरी उपयोग नाही.

आता हिशेब मांडू. 60 किलोवर 70 रुपये, म्हणजे महिन्याचे 4,200. तिघींच्या मेहनतीचे. 6,000 रुपये म्हणजे तिघींची जवळपास दीड महिन्याची कमाई. ती भरून निघायला नेहमीपेक्षा 86 किलो माल जास्त विकावा लागेल. उलट, मासिकासाठी लेख लिहायला तुमच्या तीन संध्याकाळी जातील असं धरा. त्या वेळेत 12 किलो वेफर्स तळले असते, म्हणजे 840 रुपये गेले. ‘फुकट’ लेखाची खरी किंमत ती. सुरतेतलं एक घर दर दोन महिन्यांनी एक किलो मागवत असेल तर वर्षाचे 6 किलो, तुम्हाला 420 रुपये. अशी दोन घरं वर्षभर टिकली की लेखाचे पैसे वसूल. 6,000 वसूल व्हायला तशी पंधरा घरं लागतील, आणि तीही फैजपूरच्या आसपास, जिथे ती मिळणार नाहीत.

पार्सलचा खर्च यात धरलेला नाही, तो मागवणाऱ्याकडून घ्या. वेफर्स हलके पण जागा खाणारे. कुरिअरवाले नुसतं वजन पाहत नाहीत, खोक्याची लांबी-रुंदी-उंचीही मोजतात. बिबडे पातळ, एकावर एक बसतात, त्याच खोक्यात कितीतरी जास्त मावतात. म्हणून बाहेरगावच्या वाचकाला बिबड्यांचीच ओळख आधी करून द्या, वेफर्स त्यांच्या सोबतीने जातील.

लेखात काय लिहायचं? मालाचं कौतुक नको. 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याचं ते छोटंसं पत्र, पण शंकरराव किर्लोस्करांनी त्यात वाचण्याजोगं इतकं आणलं की पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी घराघरांत गेलं. आपल्या जळगावात भवरलाल जैन यांनी ठिबकचा पसारा वाढवला तो नुसत्या जाहिरातींवर नाही. शेतकऱ्याला जैन हिल्सवर आणून पीक आणि पाणी डोळ्यांनी दाखवलं. दोन्हीकडे आधी समोरच्याच्या कामाचं काही दिलं, मग माल विकला. तुम्हीही तेच करा. ज्वारी किती दिवस भिजवायची, आंबल्याचा वास कसा ओळखायचा, शिजवताना गुठळी होऊ नये म्हणून काय करता, पहाटेच ओल्या कापडावर का थापायचं, हे लिहा. सगळी कृती सांगितली तर गिऱ्हाईक जाईल, अशी भीती तुम्हाला वाटेल. माझ्याकडे हिशेबाला येणाऱ्या एका पापडवाल्या ताईंनाही वाटली होती. पण रात्री जागून चीक हाटणं म्हणजे काय हे ज्याला वाचून कळतं, तो पाकिटाच्या किमतीवर घासाघीस करत नाही. लेवा बोलीतले शब्द जसेच्या तसे येऊ द्या. सुरतेतल्या वाचकाचे डोळे तिथेच थांबतील. शेवटी दोन ओळींत तुम्ही कोण, माल कुठे मिळतो आणि फोन नंबर. संपादकांशी हे आधीच बोलून घ्या, नाहीतर नेमका नंबरच कापला जातो.

साप्ताहिकाच्या माणसाने सांगितलेल्या दोन गोष्टींबद्दलही लिहितो. ‘जाहिरात असं दिसणार नाही’ हे त्याने सोय म्हणून सांगितलं, पण अडचण नेमकी तीच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये जाहिरातीची व्याख्या रुंद आहे. पैसे देऊन छापलेली मालाची स्तुती लेखाच्या रूपात आली म्हणून तिच्यातून सुटत नाही. जाहिरात आणि बातमी वाचकाला वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, असं प्रेस कौन्सिलची आचारसंहिता सांगते, आणि जाहिरातींबाबत जून 2022 मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही आली आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. उद्या कोणी तुमच्या दारात उभं राहील असं मी म्हणत नाही. पण नाव तुमचं छापलं जाणार आहे, त्या माणसाचं नाही. कधी जाहिरात द्यावीशी वाटलीच तर सरळ ‘जाहिरात’ म्हणून द्या, पैसे प्रकाशनाच्या खात्यात भरा आणि बिल घ्या. कोणाच्या खासगी नंबरवर यूपीआय करू नका.

‘कर वाचेल’ हेही तुमच्या बाबतीत पोकळ आहे. तिघींची मिळून वर्षाची कमाई 50,000 च्या आसपास, त्यावर करच बसत नाही, तर वाचणार काय? धंदा वाढल्यावर तुम्ही उलाढालीच्या 6 किंवा 8 टक्के नफा धरून विवरणपत्र भरायची सोपी पद्धत घेतलीत, तरी तिच्यात जाहिरातीचा खर्च वेगळा वजा मिळत नाही.

शुगरचं वाक्य का नको? खाण्याच्या पदार्थाबद्दल आरोग्याचा दावा करायचा तर त्याला शास्त्रीय आधार लागतो, असं अन्नसुरक्षेचे 2018 चे नियम सांगतात. मधुमेह बरा होतो असं कोणी लिहिलं तर 1954 चा जादूई उपायांविरुद्धचा कायदाही लागू होतो, त्याच्या यादीत मधुमेह आहे. आणि कायदा बाजूला ठेवा. तेलात तळलेला पदार्थ कोणाचे आजारी वडील तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून रोज खातील, हे तुम्हालाच सोसणार नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी झाली आहे ना, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर लेखाआधी ते काम करा, पाकिटावर तो नंबर लागतो.

एक सावधगिरी आणखी. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राने त्यासाठी खटपट केली आणि 2021 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांची 22 टन मानांकित केळी दुबईला गेली. अभिमानाने लिहावं अशीच गोष्ट आहे. पण ते मानांकन फळाला आहे, वेफर्सला नाही, आणि ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. ‘यावल तालुक्यातल्या केळीचे वेफर्स’ एवढं लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

लेख आल्यावर फोनजवळ एक वही ठेवा. नाव, गाव, ‘कुठून कळलं’ आणि पुन्हा मागवलं का, एवढे चार रकाने. लेख आखाजीच्या दोन महिने आधी यावा असं पाहा. सणाला माहेरची आठवण येते आणि उन्हाळ्यात तुमची वाळवणंही चालू असतात. आलेले फोन मोजू नका, दुसऱ्यांदा आलेले मोजा. सहा महिन्यांत पाच घरंही दुसऱ्यांदा आली नाहीत तर त्या मासिकात पुन्हा लिहू नका, दुसरं शोधा.

प्रश्न : धुळ्यात वकिली सुरू करून दोन वर्षं झाली. एका दैनिकाच्या पुरवणीत जमिनीच्या वाटणीवर लेखमाला लिहायची संधी आहे. अशिलं मिळतील असं वाटतं, पण ज्येष्ठ म्हणतात, वकिलाला जाहिरात चालत नाही. (एक तरुण वकील, धुळे)

उत्तर : वकीलसाहेब, ज्येष्ठ बरोबर सांगतात, पण लेख लिहायला मनाई नाही. बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला काम मागता येत नाही, जाहिरात करता येत नाही आणि आपण चालवत असलेल्या खटल्याबद्दल वर्तमानपत्रात मजकूर किंवा फोटो आणवता येत नाही. पाटीवरसुद्धा अमुक प्रकारच्या कामाचे तज्ज्ञ असं लिहिता येत नाही. 2008 च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र देण्यापुरती मोकळीक मिळाली. ती वर्तमानपत्रातल्या लेखाला लागू आहे असं समजू नका.

म्हणून लेखाखाली फक्त नाव. फोन नाही, ऑफिसचा पत्ता नाही, ‘संपर्क साधा’ तर नाहीच. स्वतःच्या अशिलाची गोष्ट नाव बदलूनही सांगू नका. शिंदखेड्यातल्या दोन भावांची बांधावरची भांडणं असं लिहिलंत तरी गाव ओळखतं. सात-बारा, फेरफार, वाटणीपत्र आणि 2005 नंतर मुलींना मिळालेला बरोबरीचा हिस्सा, एवढ्यावरच वर्षभर लिहिता येईल. ज्याला गरज आहे तो नाव वाचून कोर्टाच्या आवारात विचारत येईल. उशीर लागेल, पण तुमच्या पेशात ते चालतं.

प्रश्न : साक्री तालुक्यात माझी शेती आहे. कांदाचाळीत कांदा कमी सडावा म्हणून मी केलेल्या बदलांवर एका कृषी मासिकात लेख लिहिला होता. मानधन नव्हतं, कागदावर सहीही नव्हती. आता एका कंपनीच्या पत्रकात माझे परिच्छेद जसेच्या तसे आले आहेत, खाली त्यांच्या पावडरीचं नाव. मी ती पावडर कधी वापरलेली नाही. (एक शेतकरी, साक्री)

उत्तर : भाऊ, लेख तुमचा आहे. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे बाहेरून लिहिणारा लेखक हाच पहिला मालक. हक्क दुसऱ्याकडे जायला तुमच्या सहीचा लेखी कागद लागतो. मासिकाला तुम्ही दिली ती छापायची परवानगी, त्यापलीकडे काही नाही. म्हणून कंपनी ‘आम्ही मासिकाला विचारलं होतं’ म्हणाली तरी त्याने भागत नाही. (पुढे कधी असा कागद कराल तर मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर सारा भारत धरला जातो.)

चाळीची कल्पना मात्र कायद्याने कोणाची होत नाही. तुमच्यासारखी हवा खेळती ठेवून उद्या दुसऱ्याने चाळ बांधली तर त्याला अडवता येणार नाही, आणि अडवावं असं तुम्हालाही वाटणार नाही. संरक्षण आहे ते तुमच्या वाक्यांना. शिवाय कलम 57 प्रमाणे तुमच्या लिखाणात नाव बुडेल अशी मोडतोड झाली तर तिला हरकत घेण्याचा हक्क तुमचाच राहतो. तुमच्या शब्दांखाली न वापरलेली पावडर चिकटवणं त्यात बसतं, असं माझं मत आहे. तुमचं वाचून कोणा शेजाऱ्याने ती पावडर चाळीत टाकली आणि माल खराब झाला, तर तो तुमच्याच अंगणात येऊन विचारेल. म्हणून गप्प बसू नका.

मासिकाचा अंक, पत्रकाच्या दोन-तीन मूळ प्रती आणि पत्रक कुठे, कधी मिळालं याची नोंद करून ठेवा. मूळ लेख फोनवर लिहिला असेल तर तो संदेश पुसू नका, त्यावरची तारीख पुराव्याला लागते. मग वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. पत्रक मागे घ्या, छापील खुलासा करा आणि भरपाई द्या, या तीन मागण्या. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर कंपनी मुंबईची असो की हैदराबादची, तुम्हाला तिकडे जावं लागत नाही. कलम 62 मुळे लेखक जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी धुळ्यात. दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. पत्रक हातात पडल्याची तारीख आजच त्याच्या मागे लिहून ठेवा.