तिकिटाआधी तब्येत

दिवाळी तोंडावर आली, सोयाबीनचे पैसे हाती आले आणि कापसाची पहिली वेचणी घरात पडली, की आपल्या वऱ्हाडात सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत चिखलदरा, शेगाव, फार तर पचमढीपर्यंत जात. आता मुले शाळेतून ऐकून येतात आणि इमॅजिकाचा हट्ट धरतात. रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली हे मोठे मनोरंजन उद्यान सुरू झाले. पुढच्या वर्षी शेजारीच पाण्याचे उद्यानही झाले. आपल्याकडची बरीच कुटुंबे तिथे जाऊन आली, बरीच जाणार आहेत. खर्च मोठा असतो, म्हणून तयारीही मोठी होते. नवे कपडे होतात, फराळाचे डबे भरतात, रेल्वेचे आरक्षण दोन महिने आधी होते. तब्येतीची तयारी मात्र कोणी करत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दर्यापूरकडचे एक गृहस्थ माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या घेत असत. वय पन्नाशीच्या पुढे. परराज्यातल्या एका मोठ्या उद्यानात ते मुला-पुतण्यांसह गेले. रात्रभर गाडीत झोप नाही, आणि वाटेत लघवीला लागू नये म्हणून सकाळची गोळी घेतलेली नाही. उपाशीपोटी उन्हात तासभर रांग लावली. पुतणे म्हणाले, "काकाजी, भेता काय?" काकाजी चढले. खाली उतरले ते छाती दाबून. संध्याकाळ रुग्णालयात गेली. नशीब बलवत्तर म्हणून निभावले. परत आल्यावर मी विचारले, "तिथे पाटी नव्हती का?" ते म्हणाले, "होती ना डॉक्टरसाहेब, वाचलीबी. पण पोरांसमोर लाज वाटली. अन् तिकिटाचे पैसे बी भरले होते."

वाचकहो, या दोन वाक्यांत सगळा आजार आहे. एक लाज आणि दुसरा 'पैसे वसूल' हा विचार. तिकीट कितीचे होते हे हृदयाला कळत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बेत आखताना घरातल्या सर्वांत नाजूक माणसाच्या अंगाने आखावा. तो सुखरूप राहिला तर सहल सगळ्यांची होते.

तीन आठवडे आधी

बहिरमच्या यात्रेत आपण दिवसभर फिरतो, आकाशपाळण्यात बसतो, पण मध्ये झाडाखाली अंग टाकतो, रोडगे खातो. मोठ्या उद्यानात दिवसाला सात-आठ किलोमीटर चालणे सहज होते आणि रांगेत उभे राहणे वेगळेच. ज्यांचे रोजचे चालणे घर ते दुकान एवढेच, त्यांचे गुडघे आणि पोटऱ्या दुपारीच संप करतात. म्हणून तीन आठवडे आधीपासून रोज चालायला लागावे. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, मग पाऊण तास, मग एक तास. अमरावतीकरांना छत्री तलाव आणि वडाळी तलाव आहे, अकोलेकरांना नेहरू पार्क आहे. खेड्यात तर वावराचा रस्ता आहेच.

सहलीत घालायचे बूट-चपला याच चालण्यात घालाव्यात. नवी कोरी पादत्राणे सहलीच्या दिवशी घालू नयेत. मधुमेहींनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, फोड आला तरी कळत नाही आणि साधी जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

चाळिशीच्या पुढच्यांनी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. चढताना धाप लागणे, छातीत जडपणा वाटणे असा त्रास असेल तर तो लपवू नये, डॉक्टरांना सांगावा.

मुलांची उंची घरीच दाराच्या चौकटीला उभे करून, चपला काढून मोजावी. प्रत्येक झुल्याला उंचीची अट वेगळी असते. ही अट मुलाला नाउमेद करण्यासाठी नाही. बसवल्यावर पुढे येणारी दांडी मोठ्या माणसाच्या मांड्या आणि कंबर धरून ठेवते. लहान मूल तिच्याखालून निसटू शकते. तुला अमुक झुला मिळेल, तमुक पुढच्या खेपेला, असे घरीच सांगितले की दारात रडारड होत नाही आणि मूल टाचा उंचावून आत घुसवण्याचा मोहही आपल्याला होत नाही.

एक रात्र मुक्कामाची

अमरावती-अकोल्याहून रात्रीच्या गाडीने निघायचे, सकाळी उतरायचे आणि तसेच उद्यानाच्या दारात उभे राहायचे, हा बहुतेकांचा बेत असतो. मुक्कामाचा खर्च वाचतो हे खरे. पण अपुऱ्या झोपेने रक्तदाब वाढतो, मळमळ लवकर होते आणि माणूस चिडचिडा होतो. कल्याणला थांबणारी गाडी पाहून तिथे उतरावे, कर्जतमार्गे लोकलने खोपोली गाठावी आणि तो दिवस विश्रांतीला ठेवावा. खोपोलीजवळच महडचा वरदविनायक आहे, अष्टविनायकांपैकी एक. दर्शन घ्यावे, दुपारी झोपावे, रात्री वरण-भात खाऊन लवकर निजावे. उद्यान दुसऱ्या दिवशी.

गाडीत घरच्या दशम्या, सुकी चटणी, शेंगदाण्याचे लाडू बरे. स्टेशनवरचे तळलेले आलूबोंडे तोंडाला गोड लागतात, पण त्यांचा हिशेब दुसऱ्या दिवशी उंच झुल्यावर चुकता होतो.

सुटीतले शनिवार-रविवार आणि डिसेंबरातले नाताळाचे दिवस टाळावेत. दिवाळीनंतर शाळा भरायच्या आधी आठवड्यातला मधला वार मिळाला तर उत्तम. गर्दी निम्मी असली की रांगेतले उभे राहणे निम्मे होते, आणि थकवा रांगेतच जास्त येतो. तो वार उद्यान सुरू आहे ना, हे फोन करून आधी विचारावे.

कोकणातला घाम

उन्हाचा विषय काढला की आपली माणसे हसतात. "आमी त पंचेचाळीस डिग्रीत वावरात राह्यतो, आमाले काय होते?" हा समज चुकीचा आहे. आपले ऊन कोरडे. घाम आला की लगेच वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. कोकणात हवेत ओल असते. तिथे घाम वाळत नाही, नुसता गळतो. पारा आपल्यापेक्षा दहा अंशांनी कमी असला तरी अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि पाण्याबरोबर मीठही जाते. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात हा त्रास अधिक.

मोठ्या उद्यानाचे गणित पाण्यावर कसे अडते, याचे उदाहरण अगदी पहिल्या दिवसाचे आहे. अमेरिकेत डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले. कडक ऊन होते आणि बोलावण्यापेक्षा कितीतरी जास्त लोक आले. नळ-कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे होते. नवे डांबर इतके मऊ पडले की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. जगातल्या सर्वांत नामांकित उद्यानाचा पहिला धडा असा पाण्याचा होता.

तेव्हा तहान लागण्याची वाट पाहू नये. दर अर्ध्या तासाने थोडे थोडे पाणी प्यावे. आपल्याकडच्या बायका प्रवासात लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर, डोकेदुखी आणि लघवीचा दाह होतो. उद्यानात जागोजागी स्वच्छतागृहे असतात, तिथे संकोचाचे कारण नाही.

घाम फार गेला, पाय वळू लागले, तर जलसंजीवनी घ्यावी. औषध दुकानातली जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाणी-मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

बारा ते तीन ही वेळ सावलीतल्या किंवा छताखालच्या खेळांना द्यावी. उंच झुले सकाळी उघडल्याबरोबर उरकावेत, तेव्हा ऊनही कमी आणि रांगही कमी. एखादा माणूस बरळू लागला, अंग तापले, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत निजवावे, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि उद्यानाच्या प्रथमोपचार कक्षाला बोलवावे. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ सर्वांना पाठ असावा.

पाटी म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी

प्रत्येक मोठ्या झुल्याच्या तोंडाशी एक पाटी असते. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान किंवा पाठीचा विकार, फेफरे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गरोदरपण असणाऱ्यांनी बसू नये, असे तिच्यावर लिहिलेले असते. ती डॉक्टरची चिठ्ठी समजावी.

उंचावरून वेगाने खाली येताना निरोगी तरुणाची नाडीही मिनिटाला दीडशेच्या आसपास जाऊ शकते. भीतीने अंगात सुटणारे द्रव्य रक्तदाब एकदम वर नेते. तरुण हृदय ते सोसते. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याला ते सोसेलच असे नाही. इमॅजिकातला नायट्रो किंवा वरून खाली सोडणारा डेअर टू ड्रॉप हे झुले निधड्या अंगाच्या माणसांसाठी आहेत. तिथे मान मागे टेकवून, पाठ सरळ ठेवून बसावे. मणक्याचा त्रास असेल तर बसूच नये.

गरोदर स्त्रीने, मग कितवाही महिना असो, धक्क्याचा कोणताही झुला घेऊ नये. हिसक्याने वार सुटण्याचा धोका असतो. पाळी लांबली असेल तर निघण्याआधी तपासणी करून घ्यावी. घरात अजून सांगितले नसेल तर 'मला चक्कर येते' एवढे म्हणून सुनेला बाजूला राहता यावे, आणि सासूने 'बस ना, काही होत नाही' असा आग्रह करू नये.

रक्तदाबाची गोळी त्या दिवशी चुकवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते रांगेचा नव्हे, जेवणाचा अंदाज घेऊन घ्यावे आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची बिस्किटे ठेवावीत. बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. औषधे आणि तान्ह्या बाळाचे खाणे यांविषयी आधी विचारून घ्यावे, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

गरगरणे आणि मळमळ

आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतला द्रव हलला की अंग कोणत्या दिशेला फिरते ते मेंदूला कळते. डोळे एक सांगतात आणि कान दुसरे, तेव्हा मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळते. घाटात बस लागते ती यामुळेच. पडद्यावर चित्र धावते आणि खुर्ची हलते अशा खेळांत उलटे होते, डोळ्यांना वेग दिसतो पण अंग जागीच असते. तिथे मळमळले तर डोळे मिटून घ्यावेत. ज्या मुलांना बस लागते, त्यांना हा त्रास जास्त. झुल्याआधी दोन तास हलके खावे, अगदी उपाशीही राहू नये. लागोपाठ दोन गरगरणारे झुले घेऊ नयेत. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, अर्धा ते एक तास आधी. तिने गुंगी येते हे लक्षात ठेवावे, परतीला मोटार चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

पाण्याचे उद्यान

मोठे उद्यान आणि पाण्याचे उद्यान एकाच दिवशी करू नये. दोन्हींना अंग पुरत नाही. उतरण्यापूर्वी आणि नंतर स्वच्छ पाण्याने अंघोळ करावी. पाणी तोंडात घेऊ नये. जुलाब झालेल्या मुलाला, थांबल्यावरही काही दिवस, त्या पाण्यात सोडू नये, कारण त्याच्यापासून इतरांना लागण होते. कान वाहत असेल तर पाण्यात जाऊ नये. ओल्या फरशीवर पळणाऱ्या मुलाला आवरावे, तिथे घसरून हाडमोड होऊ शकते. पाणी कमरेएवढे असले तरी लहान मुलावरची नजर एक क्षणही हलवू नये. हे काम 'सगळ्यांनी' करायचे नसते, एका माणसाला नेमून द्यायचे असते.

गर्दीत चुकामूक होतेच. मुलाच्या खिशात वडिलांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी आणि 'हरवलो तर इथे भेटायचे' अशी एक जागा आत शिरताच ठरवून घ्यावी.

शेवटी एक सांगतो. दर्यापूरचे ते गृहस्थ पुढे नातवाला घेऊन पुन्हा सहलीला गेले. या खेपेस गोळी घेऊन, एक रात्र मुक्काम करून. नातू मोठ्या झुल्यावर गेला तेव्हा हे खाली बाकावर त्याच्या चपला आणि पाण्याची बाटली सांभाळत बसले. परत आल्यावर मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगं वरून मले हात दाखवत होतं." त्यांचे तिकीट वसूल झाले होते.