ठेवीचा विमा

पीक विकून चार पैसे हाती आले की आपण ते बँकेत ठेवतो. घरात ठेवले तर चोराची भीती, आणि खरे सांगायचे तर आपल्याच हाताची भीती! पण बँकच बुडाली तर?

१९६० साली केरळात पलाई सेंट्रल बँक बंद पडली. लोक घाबरले. म्हणून सरकारने १९६१ साली कायदा केला आणि १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. विम्याचा हप्ता बँक भरते, आपण नाही. सुरुवातीला एका माणसाला एका बँकेत १,५०० रुपयांपर्यंतच हमी होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख रुपये झाली. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले.

समजा, तुमचे एकाच बँकेत गावच्या शाखेत ४ लाख आहेत आणि तालुक्याच्या शाखेत ३ लाख. शाखा दोन असल्या तरी बँक एकच. हमी ५ लाखांचीच. वरचे २ लाख उघड्यावर. तेच पैसे दोन वेगळ्या बँकांत असते, तर सगळे झाकले गेले असते.

पूर्वी आणखी एक अडचण होती. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. पहिल्यांदा खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. बँक बंद झालेली नव्हती, म्हणून विम्याचे पैसेही मिळेनात. लेकीचे लग्न ठरलेल्या माणसाने काय करावे? म्हणून २०२१ साली कायदा बदलला. आता असे निर्बंध लागले की विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत द्यावी लागते.

आता आपल्या गावाकडे वळू. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला हा विमा लागू आहे. गावच्या पतपेढीला तो नाही. विकास सोसायटीलाही नाही. पतपेढीची पाटी बँकेसारखी असते, आत काउंटर असतो, पासबुकही मिळते. व्याज तर चढेच! सगळ्या पतपेढ्या वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. काही फार चांगल्या चालतात. पण तिथले पैसे बुडाले तर हा कायदा तुमच्या मदतीला येणार नाही.

तेव्हा पैसे ठेवण्याआधी काउंटरवर विचारावे, "साहेब, आमच्या ठेवीला विमा आहे का?" विचारायला लाज कसली? पैसा आपला आहे.